कोलॅजेन ६ चा अभाव आणि स्नायूंतील पेशीमृत्यू: एका उपचारप्रयत्नाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची व्याप्ती

पेशीच्या बाहेरचे एक प्रथिन सदोष झाले, तर पेशीच्या आत असलेल्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, का बिघडतात आणि पेशी स्वतःच्या मृत्यूची प्रक्रिया का सुरू करते, या प्रश्नाचा मागोवा इटलीतील पदुआ विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे दोन दशके घेतला. उंदरांच्या स्नायूंपासून सुरू झालेला हा शोध अखेर लहान मुलांना औषध देण्याच्या निर्णयापर्यंत पोहोचला. तो निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला गेला, कोणते पर्याय समोर होते आणि हाती काय आले, याची मांडणी येथे केली आहे. संशोधकांची नावे प्रसिद्ध शोधनिबंधांवर असल्यामुळे आवश्यक तेथे घेतली आहेत. रुग्णांबाबत मात्र वयोगट आणि आजाराचा प्रकार यांपलीकडे काहीही दिलेले नाही. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. औषधाने जे थांबवायचे होते ते बऱ्याच अंशी थांबले, परंतु प्रयोगात जे मोजले गेले आणि मुलांचे आयुष्य ज्यावर अवलंबून होते, त्या दोन गोष्टी एकच नव्हत्या.

पार्श्वभूमी

बहुपेशीय प्राण्यांच्या शरीरातील बहुतेक पेशींना जिवंत राहण्यासाठी बाहेरून सतत संदेश मिळावे लागतात. त्यांतील काही संदेश वाढघटकांचे असतात, काही शेजारच्या पेशींचे, आणि काही पेशी ज्याला धरून असते त्या पेशीबाह्य आधारद्रव्याचे, म्हणजे मॅट्रिक्सचे असतात. कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांनी विणलेले हे मॅट्रिक्स पेशीपटलावरील इंटिग्रिन नावाच्या ग्राहींशी जोडलेले असते. हा जोड शाबूत असेपर्यंत पेशीच्या आत एफएके हे विकर (एन्झाइम) सक्रिय राहते, त्यातून पीआय३-कायनेज आणि पुढे एकेटी अशी संदेशांची साखळी चालते, आणि एकेटी हे ‘बॅड’ नावाच्या मृत्यूला चालना देणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून निष्क्रिय ठेवते. जोड सुटला की साखळी मंदावते, बॅड आणि बिम यांसारखी प्रथिने मोकळी होतात, बॅक्स आणि बॅक ही प्रथिने तंतुकणिकांच्या बाह्यपटलाला छिद्रे पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर पडते आणि कॅस्पेज विकरे पेशीचे आतून पद्धतशीर विघटन करतात. अशा नियोजित पेशीमृत्यूचे, म्हणजे अ‍ॅपॉप्टॉसिसचे, वर्णन केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये केले होते. उपकला पेशी, म्हणजे अवयवांचे अस्तर बनवणाऱ्या पेशी, मॅट्रिक्सपासून सुटल्या की याच मार्गाने मरतात, हे फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये दाखवले.

स्नायुतंतूला हे चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. स्नायुतंतू कोठून सुटून तरंगत नाही. तो आपल्या जागीच असतो, त्याचे आयुष्य दीर्घ असते, आणि अनेक पूर्वपेशी एकत्र येऊन तो बनलेला असल्यामुळे त्यात शेकडो केंद्रके असतात. त्यामुळे एखादे केंद्रक नष्ट झाले म्हणजे तंतू मेला असे होत नाही. हा तपशील पुढे निष्कर्ष वाचताना फार महत्त्वाचा ठरतो.

कोलॅजेन ६ हे स्नायुतंतूंच्या भोवतीच्या मॅट्रिक्समधील एक प्रमुख प्रथिन आहे. अल्फा-१, अल्फा-२ आणि अल्फा-३ या तीन साखळ्या एकत्र येऊन त्याचा मूळ घटक तयार होतो. असे दोन घटक परस्परांना उलट दिशेने जोडले जातात, अशा दोन जोड्यांचे चतुष्क बनते, आणि हे चतुष्क पेशीबाहेर सोडले गेल्यावर टोकाला टोक जुळून मण्यांच्या माळेसारखा दिसणारा सूक्ष्मतंतू तयार होतो. स्नायूमध्ये हे प्रथिन प्रामुख्याने तंतूंच्या मधल्या जागेतील फायब्रोब्लास्ट पेशी बनवतात, स्नायुतंतू स्वतः बनवत नाहीत. म्हणजे चूक एका पेशीच्या जनुकात प्रकट होते आणि तिचा परिणाम शेजारची दुसरी पेशी भोगते.

या तीन साखळ्यांच्या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे दोन आजार होतात. सौम्य प्रकाराचे वर्णन १९७६ मध्ये बेथलेम आणि व्हान वाइनगार्डन यांनी केले. त्यात स्नायूंची दुर्बलता हळूहळू वाढते, बोटांचे आणि घोट्याचे सांधे आखडतात, परंतु रुग्ण बहुधा प्रौढ वयापर्यंत चालतो. तीव्र प्रकाराचे वर्णन ओटो उल्रिक यांनी १९३० मध्येच केले होते. त्यात जन्मतःच बाळाचे अंग सैल असते, हातापायांच्या टोकाकडचे सांधे वाजवीपेक्षा अधिक वाकतात तर खांदे, कोपर, गुडघे यांसारखे सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो, काही मुले कधीच चालू शकत नाहीत आणि जी चालतात त्यांचे चालणे बहुधा बालपणाच्या अखेरीस थांबते. या मुलांच्या जिवाला खरा धोका श्वासाचा असतो, कारण श्वासपटलाचा स्नायू लवकर दुबळा होतो आणि रात्रीच्या झोपेत यंत्राची मदत घ्यावी लागते. बेथलेम आजाराचे मूळ कोलॅजेन ६ मध्ये असल्याचे १९९६ मध्ये आणि उल्रिक आजाराचे २००१ मध्ये समजले.

समस्या कशी पुढे आली

जनुक सापडले तरी स्नायू का झिजतो हे कळले नव्हते. सर्वांत सोपे स्पष्टीकरण यांत्रिक होते: भोवतालचे जाळे दुबळे, म्हणून आकुंचनाच्या ताणाने तंतू फाटतो. ड्युशेन प्रकारच्या स्नायुरोगात पटल फाटते आणि स्नायूतून गळणाऱ्या क्रिएटिन कायनेज या विकराचे रक्तातील प्रमाण खूप वाढते, त्यामुळे याही आजाराकडे त्याच नजरेने पाहणे स्वाभाविक होते. परंतु कोलॅजेन ६ च्या रुग्णांत क्रिएटिन कायनेज सामान्य किंवा थोडेच वाढलेले असते. पटल फाटत नसेल तर तंतूची हानी कशाने होते, हा प्रश्न उरला.

पाओलो बोनाल्दो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अल्फा-१ साखळीचे जनुक निकामी केलेला उंदीर तयार केला. एक साखळी नसल्याने तिन्ही साखळ्यांचे संकुल बनत नाही, त्यामुळे या उंदराच्या मॅट्रिक्समध्ये कोलॅजेन ६ नसते. त्याचा स्नायुरोग मात्र सौम्य निघाला आणि बेथलेम आजाराशी अधिक मिळताजुळता होता. सर्वांत जास्त हानी श्वासपटलात दिसली.

पहिला महत्त्वाचा निर्णय यानंतर आला. या उंदरांच्या स्नायूंत अ‍ॅपॉप्टॉसिसची चिन्हे असलेली केंद्रके आणि फुगलेल्या, विस्कळीत तंतुकणिका दिसत होत्या. त्या कारण होत्या की परिणाम? मरणाऱ्या कोणत्याही पेशीत तंतुकणिका बिघडलेल्या दिसतात. नुसती छायाचित्रे आणि केंद्रकांची मोजणी पुढे नेली असती तर हा प्रश्न तसाच राहिला असता. बोनाल्दो यांनी त्याच विद्यापीठातील पाओलो बेर्नार्दी यांच्या गटाशी हात मिळवला. बेर्नार्दी यांचा विषय तंतुकणिकांच्या आतील पटलातील एक वाहिनी हा होता; ही वाहिनी दीर्घकाळ उघडी राहिली की पटलावरचा विद्युतदाब कोसळतो. मॅट्रिक्सच्या अभ्यासकाने तंतुकणिकांच्या अभ्यासकाकडे जाणे आज सहज वाटेल, पण त्या वेळी या दोन विषयांची माणसे क्वचितच एकमेकांचे निबंध वाचत असत. या प्रकरणातील मला सर्वाधिक भावणारा निर्णय हाच आहे.

दोन्ही गटांनी स्नायुतंतू सुटे करून त्यांत विद्युतदाबानुसार चमकणारे रंगद्रव्य भरले आणि निरोगी व रोगी तंतूंची तुलना केली. प्रथमदर्शनी दोन्हींमध्ये फरक नव्हता. मग ऑलिगोमायसिन दिले गेले, आणि रोगी तंतूंच्या तंतुकणिकांचा विद्युतदाब काही वेळातच कोसळला. निरोगी तंतूंचा टिकून राहिला. ऑलिगोमायसिन हे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवणाऱ्या विकराला अडवते. निरोगी तंतुकणिकेत श्वसनसाखळीच दाब राखते, त्यामुळे हे विकर बंद पडले तरी दाबाला धक्का लागत नाही. तळाला तडा गेलेला हौद खालून मोटार सतत चालू ठेवून भरलेला राखावा, तशी रोगी तंतुकणिकेची अवस्था होती: वाहिनीतून गळती होत होती आणि तेच विकर उलट दिशेने चालून, पेशीचे एटीपी खर्च करून, दाब टिकवून धरत होते. मोटार बंद करताच तडा उघड झाला. दोष सुप्त होता आणि तो दिसण्यासाठी नेमका हाच प्रश्न विचारावा लागला.

यापुढचे दोन प्रयोग निर्णायक होते. रोगी तंतू कोलॅजेन ६ च्या थरावर ठेवले असता दोष नाहीसा झाला. म्हणजे बाहेरचे प्रथिन परत मिळताच आतली तंतुकणिका सावरली, तीही जनुकात काहीही बदल न करता. दुसरे म्हणजे सायक्लोस्पोरिन-ए दिल्यावरही दोष नाहीसा झाला. हे औषध सायक्लोफिलिन-डी या प्रथिनाला बांधले जाऊन वाहिनी उघडण्याची प्रवृत्ती कमी करते. जिवंत उंदरांना सायक्लोस्पोरिन दिले असता स्नायूंची सूक्ष्मरचना सुधारली आणि अ‍ॅपॉप्टॉसिसची चिन्हे असलेली केंद्रके लक्षणीय प्रमाणात घटली. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

समोरचे पर्याय

मूळ दोष मॅट्रिक्समध्ये आहे, मधली साखळी बरीचशी अज्ञात आहे, आणि शेवटचा टप्पा तंतुकणिकेत आहे, अशी परिस्थिती होती. हस्तक्षेप कोठे करायचा?

कोलॅजेन ६ परत देणे हा तत्त्वतः सर्वांत योग्य पर्याय होता. परंतु तीन साखळ्यांचे हे अवाढव्य संकुल शरीरभरातील स्नायूंत पोहोचवण्याचा कोणताही मार्ग २००३ मध्ये नव्हता. शिवाय पुष्कळ रुग्णांत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत सदोष असते आणि तिच्यापासून बनलेली साखळी चांगल्या साखळ्यांबरोबर गुंतून संपूर्ण चतुष्क बिघडवते. अशा वेळी चांगले जनुक नुसते वाढवून भागत नाही.

मधल्या संदेशमार्गावर उपाय करण्याचा पर्याय कागदावर आकर्षक होता, पण तो मार्गच पुरता माहीत नव्हता. कोलॅजेन ६ काही इंटिग्रिनांना आणि एनजी२ या प्रोटिओग्लायकनला बांधते, हे ज्ञात होते. विरघळलेले कोलॅजेन ६ उपाशी ठेवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींतील बॅक्सचे प्रमाण घटवून त्यांचा मृत्यू टाळते, असेही १९९९ मध्ये दाखवले गेले होते. तथापि स्नायुतंतूत कोणत्या ग्राहीपासून तंतुकणिकेपर्यंत कोणता निरोप जातो, याचे सलग उत्तर नव्हते.

कॅस्पेज विकरे थेट अडवणे शक्य होते. मला हा पर्याय बाजूला ठेवणे योग्य वाटते, कारण कॅस्पेज सक्रिय होईपर्यंत तंतुकणिका निकामी झालेली असते. तंतू मरणार नाही, पण ऊर्जेविना राहील. त्यात मुलांना वर्षानुवर्षे असे औषध देणे म्हणजे शरीरात इतरत्र आवश्यक असलेला पेशीमृत्यू रोखून धरणे.

उरला तंतुकणिकेची वाहिनी हा टप्पा. येथे दोन उपपर्याय होते आणि खरा पेच त्यांच्यातच होता. सायक्लोस्पोरिन-ए अवयव प्रत्यारोपणात १९८० च्या दशकापासून वापरात होते. त्याची मात्रा, रक्तातील पातळी मोजण्याची पद्धत आणि मूत्रपिंडावरचे परिणाम डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु ते कॅल्सिन्युरिन या विकरालाही अडवते, त्यामुळे प्रतिकारशक्ती दबते. ज्या मुलांचा श्वास आधीच तोकडा आहे आणि ज्यांना छातीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो, त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देणे ही हलकी बाब नव्हती. शिवाय स्नायूंच्या पुनर्निर्मितीत कॅल्सिन्युरिनचा सहभाग असतो, म्हणजे एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने गमावण्याची शक्यता होती. दुसरा उपपर्याय म्हणजे सायक्लोफिलिनला बांधणारी पण कॅल्सिन्युरिनला न अडवणारी नवी संयुगे. ती विकसित होत होती, पण मुलांसाठी उपलब्ध नव्हती. थांबावे तर मुलांचे श्वासपटल थांबत नव्हते.

प्रत्यक्षात काय केले गेले

संशोधक लगेच मुलांकडे वळले नाहीत. आधी उल्रिक आजाराच्या रुग्णांच्या स्नायूंतून घेतलेल्या पूर्वपेशी वाढवून त्यांत हाच दोष आहे का, हे तपासले गेले. तोच सुप्त दोष, तीच ऑलिगोमायसिनची प्रतिक्रिया आणि सायक्लोस्पोरिनने तीच सुधारणा दिसली; हे निष्कर्ष २००७ मध्ये आले. उंदराचा आजार सौम्य आणि मुलांचा तीव्र असल्यामुळे हा टप्पा वगळता येण्यासारखा नव्हता, आणि तो वगळला गेला नाही.

त्यानंतर लुचियानो मेर्लिनी यांच्या पुढाकाराने पाच रुग्णांवर एक खुली प्राथमिक चाचणी झाली. त्यांना महिनाभर तोंडावाटे सायक्लोस्पोरिन देण्यात आले आणि औषधापूर्वी व नंतर स्नायूचा लहान तुकडा काढून तपासण्यात आला. औषधापूर्वी पाचही जणांत तंतुकणिकांचा दोष आणि वाढलेला अ‍ॅपॉप्टॉसिस होता. महिनाभरानंतर दोन्ही बऱ्याच अंशी सामान्य पातळीवर आले आणि स्नायूंच्या पुनर्निर्मितीची चिन्हे वाढली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा दावा असा होता की जनुकातील दोष तसाच ठेवून, त्याच्या खालच्या टप्प्यावर काम करणाऱ्या औषधानेही जनुकीय आजारावर उपचार होऊ शकतो.

एका महिन्यात स्नायूची ताकद बदलेल अशी अपेक्षा कोणीच करणार नाही, त्यामुळे पेशींवरील परिणाम हेच मोजमाप ठरवणे त्या टप्प्यापुरते रास्त होते. अडचण पुढच्या टप्प्याची आहे. दीर्घकालीन उपचारात पाच ते नऊ वर्षे वयाच्या सहा मुलांना दररोज किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम या मात्रेने एक ते सुमारे तीन वर्षे औषध देण्यात आले, आणि हातापायांच्या स्नायूंची उपकरणाने मोजलेली ताकद हे मुख्य मोजमाप ठरवण्यात आले. तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता.

याच काळात उंदरांवर एक महत्त्वाची खातरजमा झाली. सायक्लोस्पोरिनचा गुण वाहिनीमुळे येतो की कॅल्सिन्युरिनमुळे, हा आक्षेप उरला होता. कोलॅजेन ६ नसलेल्या उंदरात सायक्लोफिलिन-डीचे जनुकही निकामी केले असता औषधाशिवायच तंतुकणिका सुधारल्या आणि अ‍ॅपॉप्टॉसिस घटला. प्रतिकारशक्ती न दाबणाऱ्या अ‍ॅलिस्पोरिव्हिर या संयुगानेही तेच साधले. हे दोन्ही निष्कर्ष २००९ चे आहेत. लक्ष्य बरोबर होते, आणि कॅल्सिन्युरिनला अडवणे अनावश्यक होते.

निष्पत्ती

दीर्घकालीन उपचाराचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सहापैकी पाच मुलांच्या हातापायांची ताकद वाढली आणि ही वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होती. तंतुकणिकांचा दोष सुधारला, अ‍ॅपॉप्टॉसिस घटला, पुनर्निर्मिती वाढली, आणि औषध मुलांना सोसले. परंतु उठणे, चालणे, वळणे यांसारख्या हालचालींच्या क्षमतेत बदल झाला नाही, आणि श्वसनक्षमता सर्वच मुलांत खालावत गेली. अशा औषधाचा उपचार श्वासपटल फार बिघडण्यापूर्वी, शक्य तितक्या लहान वयात सुरू करण्याचा विचार व्हावा, असा निष्कर्ष संशोधकांनी स्वतः काढला.

पेशीमृत्यू कमी झाला, तरीही श्वास का खालावला? याची तीन स्पष्टीकरणे मला संभवनीय वाटतात आणि तिन्ही एकत्र खरी असू शकतात. पाच ते नऊ या वयापर्यंत श्वासपटलातील पुष्कळ तंतूंची जागा तंतुमय ऊतीने आणि मेदाने घेतलेली असते. तेथे वाचवण्यासारखे थोडेच उरते. दुसरे, कणा वाकल्यामुळे आणि छातीचा पिंजरा ताठर झाल्यामुळे श्वासाला जो अडथळा होतो, त्यावर तंतुकणिकेच्या औषधाचा काहीही परिणाम होणार नाही. तिसरे, जे तुकडे तपासले गेले ते हातापायांच्या स्नायूंचे होते. रुग्णाच्या श्वासपटलाचा तुकडा असा काढता येत नाही, त्यामुळे तेथे अ‍ॅपॉप्टॉसिस खरोखर घटला की नाही हे कोणी पाहिलेलेच नाही.

सायक्लोस्पोरिनऐवजी अ‍ॅलिस्पोरिव्हिर वापरण्याचा मार्ग यानंतर मोकळा व्हायला हवा होता. परंतु हे संयुग मुख्यतः यकृतदाहाच्या क प्रकारावर (हेपटायटिस सी) विकसित केले जात होते, आणि २०१२ मध्ये त्या चाचण्यांतील काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह झाल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचण्या रोखल्या. दुर्मिळ आजाराचे औषध दुसऱ्या मोठ्या आजाराच्या औषधावर अवलंबून असले की असे होते. स्नायुरोगाच्या मुलांबाबतचा प्रश्न त्या निर्णयात कोठेच नव्हता, तरी परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचला.

मधल्या काळात बदललेले आकलन

२०१० मध्ये बोनाल्दो यांच्याच गटाच्या एका निष्कर्षाने संपूर्ण प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बिघडलेल्या तंतुकणिका स्नायुतंतूत साचून का राहतात? निरोगी पेशी अशा कणिका स्वभक्षणाच्या, म्हणजे ऑटोफॅजीच्या, प्रक्रियेने वेढून पचवून टाकते. कोलॅजेन ६ नसलेल्या उंदरांत ही प्रक्रिया मंद होती. उपाशी ठेवल्यावर निरोगी स्नायूत ती जोमाने सुरू होते. या उंदरांत बेक्लिन-१ आणि बीनिप-३ ही त्यासाठी लागणारी प्रथिने पुरेशी वाढत नव्हती. रुग्णांच्या स्नायूंतही या दोन प्रथिनांचे प्रमाण कमी आढळले.

येथे पार्श्वभूमीत सांगितलेल्या नियमाला छेद जातो, आणि वाचकाने तो छेद नीट लक्षात घ्यावा असे मला वाटते. मॅट्रिक्सचा आधार गेला की एकेटी मंदावते आणि पेशी मरते, असे उपकला पेशींवरून शिकवले जाते. या स्नायूंत मात्र उपवासातही एकेटी आणि तिच्या पुढची एमटॉर ही साखळी चालूच राहिली होती. एकेटी चालू असणे म्हणजे जगण्याचा संदेश चालू असणे. पण हाच संदेश स्वभक्षणाला अडवतो. परिणामी बिघडलेल्या कणिका साचत गेल्या आणि त्यांच्यापासूनच मृत्यूला चालना मिळाली. कोणी पाठ्यपुस्तकातील नियमावर विसंबून या आजारात एकेटी वाढवणारे औषध दिले असते, तर हानी वाढण्याचाच संभव होता. एकाच रेणूचा अर्थ ऊतीनुसार आणि काळानुसार बदलतो, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे मला अन्यत्र क्वचितच दिसले आहे.

स्वभक्षण पुन्हा सुरू करण्यासाठी उंदरांत उपवास, कमी प्रथिनांचा आहार, एमटॉरला अडवणारे रॅपामायसिन हे औषध आणि बेक्लिन-१ चे वाढवलेले उत्पादन असे निरनिराळे मार्ग वापरले गेले आणि त्यांनी स्नायूंची अवस्था सुधारली. सायक्लोस्पोरिननेही स्वभक्षण वाढल्याचे दिसले, त्यामुळे त्याच्या गुणाचे श्रेय केवळ वाहिनीला देणे आता पुरेसे नव्हते. दीर्घ व्यायामाने याच उंदरांचे स्नायू अधिक बिघडले, हा निष्कर्षही याच धाग्यातला आहे, कारण व्यायामाच्या ताणानंतर लागणारी साफसफाई त्यांच्यात होत नव्हती. उंदरांवरील या निरीक्षणावरून मुलांची भौतिकोपचार (फिजिओथेरपी) पद्धती बदलणे अर्थातच योग्य ठरणार नाही.

पुढे सात प्रौढ रुग्णांना वर्षभर उष्मांक पुरेसे पण प्रथिने मर्यादित असा नियंत्रित आहार देण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्नायूंत आणि रक्तातील श्वेतपेशींत स्वभक्षणाची चिन्हे वाढली, तंतूंतील अ‍ॅपॉप्टॉसिस घटला, आणि ताकद व शरीराची घडण टिकून राहिली. श्वेतपेशींतून मोजमाप करता येणे ही यातील मोठी सोय आहे, कारण दर वेळी दुबळ्या स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना कमी प्रथिने देणे मात्र वेगळी आणि अधिक जोखमीची गोष्ट आहे, त्यामुळे हा मार्ग तीव्र आजाराच्या मुलांपर्यंत सहज नेता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब मोजमापाची. उंदरात सर्वाधिक हानी श्वासपटलाची होते हे १९९८ पासून माहीत होते, आणि मुलांचा मृत्यू श्वासामुळे होतो हे डॉक्टरांना त्याहून आधीपासून माहीत होते. दीर्घकालीन उपचाराचे मुख्य मोजमाप श्वसनक्षमता हेच असायला हवे होते. तसे असते तर मुलांची निवडही बहुधा अधिक लहान वयाकडे झुकली असती. यावर एक प्रामाणिक आक्षेप असा की पाच वर्षांखालील मुलांकडून पूर्ण जोर लावून श्वास सोडण्याची चाचणी विश्वासार्हपणे करून घेता येत नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच झोपेतील श्वसनाची नोंद किंवा श्वासपटलाची सोनोग्राफी यांसारख्या मार्गांचा विचार उपचार सुरू होण्यापूर्वी व्हायला हवा होता.

दुसरी बाब तुलनेची. श्वसनक्षमता घटली, पण औषध नसते तर ती किती घटली असती? १४५ रुग्णांच्या नोंदींवरून उल्रिक आजारात अपेक्षित श्वसनक्षमता दरवर्षी सरासरी २.६ टक्क्यांनी घटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे औषधाच्या निष्कर्षांनंतर दोन वर्षांनी. हा आकडा हाताशी नसल्यामुळे सहा मुलांतील घट ही उपचाराचे अपयश होते की मंदावलेला ऱ्हास, हे त्या वेळी ठरवता आले नाही, आणि इतक्या लहान गटात आज मागे वळून ठरवणेही अवघड आहे. दुर्मिळ आजारात औषधाआधी रुग्णांची नोंदवही सुरू करणे हे काम कंटाळवाणे मानले जाते आणि त्यासाठी पैसा मिळत नाही. पण याच कामाच्या अभावी एक धाडसी प्रयत्न अर्धवट उत्तर देऊन थांबला. औषध न घेणारा गट ठेवण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण इतक्या कमी मुलांत त्यातून फारसे सिद्ध झाले नसते.

तिसरी बाब केंद्रकांच्या मोजणीची. अ‍ॅपॉप्टॉसिस ओळखण्यासाठी वापरले जाणारे रंजन तुटलेल्या डीएनएला चिकटते. स्नायूच्या छेदात असे केंद्रक दिसले, तर ते स्नायुतंतूचे आहे, त्याला लगटून असलेल्या उपग्रह पेशीचे आहे की मधल्या जागेतील पेशीचे, हे वेगळे ओळखावे लागते. उपग्रह पेशी स्नायूच्या दुरुस्तीसाठी राखीव असतात, आणि कोलॅजेन ६ च्या अभावी त्यांची स्वतःला टिकवण्याची क्षमताही कमी होते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. तंतू वाचला पण राखीव पेशींना अनुकूल मॅट्रिक्स मिळाले नाही, तर काही वर्षांनी दुरुस्तीच थांबेल. मृत्यूचा टप्पा अडवणारे कोणतेही औषध ही उणीव भरून काढू शकत नाही, कारण मॅट्रिक्स हे जगण्याचा संदेश देते, त्याबरोबरच ऊतीचा ताठरपणा ठरवते आणि राखीव पेशींना जागा देते.

म्हणून मूळ दोषावरचे काम समांतरपणे अधिक जोमाने चालायला हवे होते. ते आता होत आहे. कोलॅजेन ६ च्या अल्फा-१ साखळीच्या जनुकात खोलवर दडलेले एक उत्परिवर्तन २०१७ मध्ये उघडकीस आले. त्यामुळे संदेशवाहक आरएनएमध्ये ७२ अक्षरांचा एक परका तुकडा घुसतो आणि बनणारी साखळी संपूर्ण संकुल बिघडवते. असा तुकडा वगळायला लावणारे छोटे न्यूक्लिइक आम्ल रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट पेशींना दिले असता त्या पुन्हा चांगले मॅट्रिक्स बाहेर सोडू लागल्या. येथे औषध ज्या पेशीपर्यंत पोहोचवायचे ती फायब्रोब्लास्ट आहे, स्नायुतंतू नव्हे, आणि स्नायूंच्या मधल्या जागेतील फायब्रोब्लास्टपर्यंत असे रेणू पुरेशा प्रमाणात नेणे हा आजचा मुख्य अडथळा आहे. तो दूर झाला तरी उपचार सुरू होईपर्यंत ज्या तंतूंत बिघडलेल्या तंतुकणिका साचलेल्या असतील, त्यांना नवे मॅट्रिक्स मिळेपर्यंत जगवावे लागेल. सायक्लोफिलिनला अडवणाऱ्या किंवा स्वभक्षण वाढवणाऱ्या औषधाचा उपयोग मला त्या मधल्या काही महिन्यांसाठी सर्वाधिक दिसतो, आणि अशी संयुक्त चाचणी आखली गेली तर तिच्या पहिल्या दिवसापासून श्वसनाची नोंद ठेवली जावी.